प्रोसेसरचा कूलर बदलताय? आधी मोजायचं काय ते ठरवा

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर बाजारात आले आणि ते हौसेने घेतलेल्या अनेकांच्या पोटात गोळा आला. जड काम दिलं की तापमानाचा आकडा सरळ ९५ अंशांवर जाऊन बसायचा. कूलर साधा असो की महागडा, आकडा बहुतेक तोच. कंपनीचं म्हणणं असं की यात बिघाड काही नाही, हे प्रोसेसर असेच चालावेत म्हणून बनवले आहेत.

असेंबल केलेला पीसी वापरणाऱ्यांचे दोन प्रश्न एप्रिल-मे आला की ठरलेले असतात. माझा प्रोसेसर नव्वदीत जातोय, जळेल का? आणि मोठा कूलर बसवला तर फरक पडेल का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही जळणार. दुसऱ्याला दुकानदार लगेच "पडेल ना, शंभर टक्के" म्हणतो, कारण त्याला कूलर विकायचा असतो. फरक पडू शकतो हे खरं आहे. पण तो तापमानाच्या आकड्यात दिसेलच असं नाही, आणि कूलर नीट बसला नसेल तर पैसे खर्चूनही पडणार नाही.

जळत का नाही?

एकेकाळी जळायचे. २००१ च्या आसपासचे एएमडीचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर चालू असताना कूलर निसटला तर काही सेकंदांत कायमचे निकामी होत. त्याच काळातला इंटेलचा पेंटियम ४ मात्र मंदावून तग धरायचा. आता सगळेच प्रोसेसर तसे वागतात. आत तापमान मोजणारे सेन्सर असतात आणि प्रत्येक मॉडेलला एक कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना ती १०० अंश सेल्सिअस आहे, रायझन ७००० च्या बहुतेकांना ९५. तिथे पोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही भागलं नाही तर मशीन स्वतःहून बंद पडतं.

म्हणजे कमकुवत कूलरची किंमत तुम्ही दोन रूपांत मोजता: हातचा वेग जातो आणि पंखा कोकलत राहतो. या दोहोंपैकी काहीच जाणवत नसेल, पीसीवर टॅली, ब्राउझर आणि अधूनमधून सिनेमा एवढंच चालत असेल, तर प्रोसेसरच्या खोक्यात आलेला कूलर पुरेसा आहे. हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. व्हिडिओ एडिटिंग, रेंडरिंग, तासन्‌तास गेमिंग किंवा रात्रीच्या शांततेत नकोसा होणारा आवाज, यांपैकी काही असेल तर पुढे वाचा. इंटेलच्या नावात 'के' असलेल्या प्रोसेसरबरोबर कूलर येतच नाही, तिथे प्रश्नच उरत नाही.

उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडते?

प्रोसेसर जितकी वीज खातो, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ६५ वॅट आत गेले तर ६५ वॅटची उष्णता कुठेतरी गेलीच पाहिजे, आणि ती निघते दीड-दोन चौरस सेंटीमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. तिथून ती वरच्या धातूच्या झाकणात, मग थर्मल पेस्टच्या थरातून कूलरच्या तळात, तळातून तांब्याच्या नळ्यांत, नळ्यांतून पातळ पत्र्यांच्या पात्यांत, पात्यांतून पंख्याच्या हवेत आणि शेवटी कॅबिनेटबाहेर, तुमच्या खोलीत येते.

या वाटेवर एक टप्पा जरी अडला तरी बाकीचे कितीही चांगले असून उपयोग नाही. चौपदरी रस्त्यावर मध्येच ब्रिटिशकालीन एकपदरी पूल लागतो ना, तसं. पुलाच्या पलीकडे आणखी दोन पदर वाढवून अलीकडची रांग कमी होत नाही. कूलर बदलणारे बहुतेक लोक नेमकं हेच करतात: पात्यांचा डोंगर विकत आणतात आणि पेस्टच्या थराशी घोळ घालतात.

पेस्ट हाच तो अरुंद पूल. झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि खाचांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेचं माप घेतलं तर तांब्याचं सुमारे ४००, हवेचं ०.०२६ आणि बऱ्या पेस्टचं एक आकडी, फार तर दहाच्या आसपास. म्हणजे हवेपेक्षा पेस्ट शेकडो पट चांगली, पण तांब्यापुढे ती अगदीच सामान्य. तिने हवेची जागा घ्यायची, धातूची नाही. म्हणून थर पातळ हवा आणि कूलरचा दाब चारही बाजूंनी सारखा हवा. टूथपेस्ट लावून पाहणारे महाभाग आहेत. ती थोडा वेळ चालतेही, मग वाळून कोरडीठाक होते. नको त्या वाटेला जायला.

तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, हा या सगळ्यातला सर्वांत हुशार भाग. त्या भरीव नसतात. आत हवा काढून अगदी थोडं पाणी सीलबंद केलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे ते शंभर अंशांच्या कितीतरी आधीच उकळतं. तळाशी वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, पात्यांपाशी उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत तळाकडे झिरपते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी बनवली. पुढे ती अंतराळयानांतही गेली. आज अगदी स्वस्त टॉवर कूलरमध्येही, म्हणजे मनोऱ्यासारख्या उभ्या कूलरमध्येही, अशा नळ्या असतात.

खोक्यावरच्या वॅटवर किती विश्वास ठेवायचा?

प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं तेव्हा तो कधीच त्याहून जास्त खात नाही असं समजू नका. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा आपल्याकडे खूप खपलेला प्रोसेसर. त्याचा मूळ आकडा ६५ वॅट, पण थोड्या वेळासाठी तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. आय९-१४९००के चे आकडे १२५ आणि २५३. एएमडीच्या सध्याच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) ६५ वॅटवाला ८८ पर्यंत जातो, १७० वाला २३० पर्यंत. दुसरीकडे, कूलरच्या खोक्यावर "२२० वॅट" छापलेलं असतं तो त्या कंपनीचा दावा असतो. सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजावं असं बंधन नसल्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा कामाचा आकडा घरी काढता येतो. प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान, भागिले वॅट.

समजा १२४०० वर खोक्यातला कूलर आहे, खोली ३२ अंश, प्रोसेसर स्थिरपणे ६५ वॅट खातोय आणि तापमान ७८. फरक ४६, भागिले ६५, म्हणजे एका वॅटमागे सुमारे ०.७ अंश. आता टॉवर कूलर बसवला. खोली ३० अंश, तेच ६५ वॅट, तापमान ५८. फरक २८, म्हणजे वॅटमागे ०.४३ च्या आसपास. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांच्यावरून पुढचं बरंच कळतं. मदरबोर्डने ११७ वॅट सतत खाऊ दिले तर जुना कूलर प्रोसेसरला खोलीच्या वर ८३ अंश नेईल. बत्तीसच्या खोलीत ते ११५ होतात, म्हणजे शंभरावरच थ्रॉटलिंग सुरू. नव्या कूलरवर तेच गणित पन्नास अधिक तीस, ऐंशी. पूर्ण वेग, निवांत.

परदेशी चाचण्यांतले आकडे पाहताना हाच हिशेब लावावा. तिथली खोली बहुधा विशीतली असते. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात बाहेर ४५ असताना घरातली खोली चाळिशीत असते. पंधरा-वीस अंश सरळ वर मिळवायचे. कूलर तोच, भूगोल वेगळा.

बसवताना

विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. पहिली सॉकेट. इंटेलच्या एलजीए १२०० वर कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० वर ७८ झालं. तीन मिलिमीटरने जुना कूलर बाद होतो, वेगळी पट्टी लागते. दुसरी उंची. बरेच टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, आणि अरुंद कॅबिनेटची काच मग लागत नाही. तिसरी रॅम. उंच रॅमवर पंखा अडतो.

जुना कूलर काढण्याआधी पीसीवर दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करा, एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) बटण बंद, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

एएमडीच्या एएम४ (एएम५ च्या आधीचं सॉकेट) वाल्यांनी इथे खास सांभाळायचं. त्यात १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेली पेस्ट कूलरला धरून ठेवते आणि सरळ वर ओढलं की कुलूप लावलेल्या सॉकेटमधूनही प्रोसेसर उपटून हातात येतो, दोन-चार पिना वाकवून. कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा, सुटला असं वाटलं की उचलायचा. स्क्रूचा कूलर असेल तर एएम४ मध्ये मदरबोर्डमागची बॅकप्लेट निसटून खाली पडते, तिला मागून बोट लावून ठेवा. एएम५ मध्ये ती सॉकेटलाच जोडलेली असते.

इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने फिरवली की ती सुटते. कूलर बसवताना बाणाच्या उलट फिरवून ठेवायची आणि तिरक्या जोडीने दाबायची: एक कोपरा, मग त्याच्या समोरचा. चार वेळा 'टक' ऐकू आलं पाहिजे. "अचानक तापायला लागलाय" म्हणून आलेला पीसी उघडावा तर अनेकदा यातली एक खुंटी अर्धवट वर आलेली दिसते. नवा कूलर घेण्याआधी हे नक्की बघा. कदाचित खर्चच वाचेल.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घ्या. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतंच, 'आयपीए' म्हटलं की कळतं. झाकण आरशासारखं दिसेपर्यंत पुसा. मग मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट. ती बोटाने पसरवत बसू नका, कूलरचा दाब पसरवतो. मोठ्या झाकणाच्या प्रोसेसरवर फुलीच्या आकारात दिली तरी चालते. साधी पेस्ट थोडी बाहेर आली तर नुकसान होत नाही. 'लिक्विड मेटल' नावाने मिळतं ते मात्र वेगळं प्रकरण. ते वीज वाहून नेतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. पहिल्यांदा कूलर बसवणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असते. ती काढा. हे वाचून हसू येईल, पण फिल्मसकट बसवलेले कूलर दुकानांतूनही घरी आलेले आहेत.

स्क्रू एकेक करून पूर्ण पिळू नका. समोरासमोरच्या जोड्या घ्या आणि दोन-दोन आटे देत पुढे जा, नाहीतर तळ एका बाजूने कलतो आणि पेस्टचा थर एकीकडे जाड, एकीकडे नाहीसा होतो. चांगल्या कूलरचे स्क्रू एका टोकाला जाऊन स्वतःच थांबतात, तिथे आपणही थांबायचं. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या-तिरक्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे येऊ द्या. वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या चार पिनांवर लावा. दुसऱ्या पंख्याच्या पिनांवर लावली तर पंखा फिरतो, पण अनेक मदरबोर्ड सुरू होतानाच 'सीपीयू फॅन एरर' दाखवतात आणि माणूस उगाच घाबरतो.

चाचणी कशी करायची, आणि ती कुठे फसवते

चाचणी जुना कूलर काढण्याआधीच एकदा झाली पाहिजे. नंतरचे आकडे कशाशी ताडून पाहणार? एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर तापमान, वॅट, वेग आणि पंख्याचे फेरे एकत्र दाखवतं. जड काम म्हणून सिनेबेंच आर२३ बरं पडतं, त्यात दहा मिनिटांची चाचणी तयारच असते. प्राइम९५ मधला 'स्मॉलेस्ट एफएफटी' हा पर्याय याहून निर्दयी आहे. रोजच्या कामात तेवढा ताण क्वचितच येतो, त्यामुळे तिथला आकडा पाहून खचू नये. खोलीचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने, पीसी जिथून हवा ओढतो त्याच्या जवळ मोजा. दोन्ही वेळा कॅबिनेटची झाकणं बंद, पंख्याची सेटिंग तीच.

पहिला चकवा वेळेचा. १२४०० सारखा प्रोसेसर इंटेलच्या ठरलेल्या सेटिंगवर सुरुवातीची सुमारे २८ सेकंद ११७ वॅटपर्यंत धावतो, मग ६५ वर उतरतो. तापमान आधी झपकन चढतं आणि अर्ध्या मिनिटाने आपोआप खाली येतं. ते कूलरचं कर्तृत्व नव्हे, प्रोसेसरने हात आखडता घेतलेला असतो. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांचे आकडे धरायचे. धातू आणि कॅबिनेटमधली हवा तापायलाही काही मिनिटं लागतातच.

दुसरा चकवा वॅटचा. जुना कूलर थ्रॉटलिंगपर्यंत जात असेल तर तेव्हा प्रोसेसर, समजा, ९० वॅटवरच अडलेला होता. नव्यावर तो ११७ खातो. तापमान शंभरावरून ऐंशीला आलेलं दिसतं आणि "एवढे पैसे घालून वीसच अंश?" असं वाटतं. पण काम वाढलेलं असतं.

सुरुवातीचं ९५ अंशांचं कोडं इथे सुटतं. नावात 'एक्स' असलेले रायझन ७००० चे वरचे प्रोसेसर मुभा असेपर्यंत वेग वाढवत नेतात आणि बहुधा ९५ ची मर्यादा आधी गाठतात. कूलर चांगला बसवला की ते मोकळी झालेली जागा लगेच वेगाने भरून काढतात. तापमान आधी ९५, नंतरही ९५. फरक दिसतो तो वेगाच्या आकड्यात आणि सिनेबेंचच्या गुणांत. तापमानच खाली आणायचं असेल तर एएमडीच्या मदरबोर्डच्या बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, 'इको मोड' असतो. तो चालू केल्यावर वीज बरीच कमी होते, वेग मात्र त्या मानाने थोडाच घटतो. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात आपल्याकडे हा मोड नव्या कूलरआधी करून बघावा. त्याला पैसे पडत नाहीत.

मग खोली तरी गार होईल का?

नाही. कूलर उष्णता हलवतो, संपवत नाही. प्रोसेसर मोकळेपणी जास्त वॅट खाऊ लागला तर खोली उलट थोडी जास्तच तापेल. लिक्विड कूलरचंही तेच. त्यात पाणी उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथून ती त्याच खोलीच्या हवेत जाते. २५० वॅटच्या प्रोसेसरला मोठा रेडिएटर नक्की उपयोगी पडतो. पण साठ-नव्वद वॅटच्या प्रोसेसरसाठी पंपाची जबाबदारी कशाला अंगावर घ्यायची? टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा एक पंखाच असतो, आणि तो कुठेही मिळतो.

विदर्भ-मराठवाड्यातून एक शंका नेहमी येते: खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर दमट हवेने पीसीत पाणी साचेल का? पाणी साचतं ते हवेपेक्षा थंड झालेल्या वस्तूवर. प्रोसेसर आणि त्याचा कूलर खोलीहून नेहमी गरमच असतात, त्यामुळे तिथे दव धरत नाही. झोतातून उडणारे थेंब मात्र टाळा, पीसी थेट समोर ठेवू नका.

पीसी सारखा क्रॅश होतो, कूलर बदलू?

आधी तापमान बघा. मर्यादेच्या बरंच खाली असताना क्रॅश होत असेल तर दोष दुसरीकडे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये अस्थिरतेच्या तक्रारी आल्या तेव्हा कित्येकांनी आधी कूलरच बदलले. २०२४ मध्ये इंटेलनेच जाहीर केलं की कारण प्रोसेसरला मिळणाऱ्या वाढीव व्होल्टेजमध्ये होतं. उपाय बायॉस अपडेटमधून आला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली गेली. असा प्रोसेसर असेल तर पहिलं काम बायॉस अपडेट.

सगळं केलं, तरी आकडे तेच?

पंखा फिरतोय ना, हवा योग्य बाजूला जातेय ना, हे पाहून झालं की कॅबिनेटचं झाकण उघडून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान चांगलंच उतरलं तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा शिरत नाही. समोर सलग काच असलेली देखणी कॅबिनेटं इथे मार खातात, आणि रस्त्यालगतच्या घरात धुळीने बुजलेली जाळीही.

उतरलं नाही तर कूलर काढा आणि पेस्टचा ठसा वाचा. सगळीकडे पातळ, एकसारखा थर असेल तर बसवणं बरोबर होतं. एका कडेला जाड, दुसरीकडे धातू उघडा, तर स्क्रू तिरके बसलेत. मध्ये पेस्ट जशीच्या तशी वाटाण्यासारखी उभी असेल तर तळ टेकलाच नव्हता. पट्टी चुकीच्या सॉकेटची लागली असेल किंवा ती ज्यांवर टेकते ते स्क्रूचे उंचवटे दुसऱ्या मापाचे असतील. काढलेला कूलर तीच पेस्ट ठेवून परत बसवू नका, हवेचे बुडबुडे अडकतात. पुसून नवी लावा.

पीसी गावी किंवा दुसऱ्या शहरात न्यायचा असेल तर तो असा आडवा ठेवा की मदरबोर्ड खाली आणि कूलर त्यावर उभा राहील. नॉक्टुआचा एनएच-डी१५ दोन पंख्यांसह १३२० ग्रॅम भरतो. एवढं वजन उभ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डवरून आडवं लटकत असतं, आणि एसटीच्या डिकीत किंवा टेम्पोत प्रत्येक खड्ड्याला त्याचा झटका बोर्डाला बसतो. अशा जड कूलरला प्रवासापुरतं काढून वेगळ्या खोक्यात घालणं बरं, आणि पोचल्यावर लावायला पेस्टची नळी सोबत असू द्या.